कानाचा ठणका, मधुमेह आणि कमी प्रतिकारशक्ती : नेमकं कोणी जपायचं?

कर्णधार

कानाच्या नळीचा साधा जंतुसंसर्ग हा तसा किरकोळ आजार. पाण्यात डुंबणाऱ्यांना होतो, सतत कानात काहीतरी घालून खाजवणाऱ्यांना होतो. थेंब घातले, कान कोरडा ठेवला की आठवड्याभरात विषय संपतो. हा धागा त्याबद्दल नाही. तोच संसर्ग वयस्कर मधुमेही माणसाच्या, केमोथेरपी चालू असलेल्याच्या किंवा प्रत्यारोपणानंतरच्या गोळ्या घेणाऱ्याच्या कानात झाला, तर कधीकधी कातडीवर न थांबता हाडात उतरतो आणि कवटीच्या तळापर्यंत पोचतो, त्याबद्दल आहे. दुसऱ्या एका धाग्यावर 'मधुमेह्याने कान धुवून घ्यावा का' यावर बरीच वादावादी झाली. तिथे माझा प्रतिसाद लांबत चालला म्हणून इथे वेगळं लिहितोय.

रिपोर्टवर या आजाराला 'मॅलिग्नंट ओटायटिस एक्स्टर्ना' किंवा 'नेक्रोटायझिंग ओटायटिस एक्स्टर्ना' असं लिहून येतं आणि पहिला शब्द वाचून घरच्यांच्या पोटात गोळा येतो. हा कॅन्सर नव्हे. १९५९ मध्ये मेल्टझर आणि केलेमन यांनी कानशिलाच्या हाडापर्यंत पोचलेल्या अशा संसर्गाचं वर्णन केलं. १९६८ मध्ये जेम्स चँडलर यांनी १३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली आणि हे नाव दिलं, कारण त्यांतले जवळपास निम्मे दगावले होते. आज तशी परिस्थिती नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक आलं, पोटात घेण्याच्या गोळीने हाडातल्या जंतूवर मारा करता येऊ लागला आणि चित्र पालटलं. अर्थात वेळेत ओळखलं तर. माझा सगळा भर त्यावरच आहे.

कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर. बाहेरचा तिसरा हिस्सा कूर्चेचा (म्हणजे मऊ, लवचिक हाडाचा), आतला हाडाचा. हाडावरची कातडी इतकी पातळ की तिच्याखाली चरबीचा थर जवळजवळ नाहीच. कूर्चेच्या भागात मुळातच बारीक चिरा असतात, त्यांना सांतोरिनीच्या फटी म्हणतात. धडधाकट माणसात जंतू तिथवर जाण्याआधीच पांढऱ्या पेशी त्यांचा निकाल लावतात. ज्याच्यात ते होत नाही त्याच्यात संसर्ग या फटींतून बाहेर पडतो आणि भिंतीत ओल मुरावी तसा कवटीच्या तळाच्या हाडांत मुरत जातो. पडदा बहुधा शाबूत राहतो, म्हणजे ही 'कान फुटण्या'ची गोष्ट नव्हे. वाटेत बहुतेकदा पहिली सापडते ती चेहऱ्याची नस, कारण ती कानाच्या खालीच हाडातून बाहेर पडते. तोंड एका बाजूला वाकडं होतं. संसर्ग आणखी पुढे सरकला तर गिळण्याच्या, आवाजाच्या, खांद्याच्या आणि जिभेच्या नसा जातात. त्यानंतर मेंदूलगतच्या मोठ्या शिरेत गुठळी होणं, मेंदूच्या आवरणाला सूज येणं हे प्रकार.

मधुमेहच का? एक तर बारीक रक्तवाहिन्या खराब झालेल्या असतात, त्यामुळे नळीच्या कातडीला आणि हाडाला रक्त कमी पोचतं. रक्त कमी म्हणजे पांढऱ्या पेशी कमी आणि औषधही कमी. दुसरं म्हणजे ज्या पेशी पोचतात त्यांची जंतूकडे धावण्याची आणि त्याला गिळण्याची ताकद मंदावलेली असते. तिसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही : निरोगी माणसाचा कानातला मळ आम्लधर्मी असतो आणि जंतूंना तो मानवत नाही. मधुमेह्यांच्या मळात हा आम्लपणा कमी आढळतो. दारावरचा पहारेकरीच ढिला. यात जो जंतू सर्वांत जास्त सापडतो तो स्यूडोमोनास एरुजिनोसा. त्याला ओल लागते, पाण्यात तो मजेत राहतो आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती कुरतडणारी द्रव्यं तो स्वतःच सोडतो.

इथे एक गैरसमज खोडतो. 'माझी साखर आटोक्यात आहे, मला काही होणार नाही' हे खरं नाही. साखर किती वाढलेली आहे आणि हा आजार होईल का, यांचा सरळ हिशोब लागत नाही. वर्षानुवर्षं मधुमेह असलेल्या, पण आकडे बऱ्यापैकी असलेल्या माणसालाही होतो. काहींना तर मधुमेह असल्याचं याच निमित्ताने कळतं, म्हणून 'मला शुगर नाही' म्हणणाऱ्याचीही तपासावी लागते.

मधुमेहाखेरीज : उतारवय स्वतःच एक कारण. रक्ताचा कर्करोग, केमोथेरपी, एचआयव्ही, प्रत्यारोपण, दीर्घकाळ चाललेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या, संधिवातावरची प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शनं, कुपोषण. डोक्या-मानेला रेडिएशन घेतलेले लोक मात्र हमखास विसरले जातात. त्या उपचाराने हाडाचा रक्तपुरवठा कायमचा घटतो आणि नळीची कातडी कोरडी, तकलादू होते. उपचार होऊन कित्येक वर्षं उलटली तरी कान तसाच राहतो.

आता ठिणगी कुठून पडते ते. या रुग्णांना नीट विचारलं तर काही दिवसांपूर्वी मळ काढायला पाण्याने कान धुतल्याचं बऱ्याचदा निघतं. पिचकारीच्या दाबाने कातडी खरवडली जाते, आत ओल राहते, आणि साधं नळाचं पाणी जंतूविरहित नसतं. इअरबड, हेअरपिन, किल्ली हे तर आहेच. म्हणून वर सांगितलेल्या कोणाही माणसाचा मळ काढायचा तर सूक्ष्मदर्शकाखाली सक्शनने किंवा हुकाने काढावा, पाणी मारू नये. तिकडच्या धाग्यावरच्या वादाला माझं उत्तर एवढंच.

लक्षणं शेवटी, कारण हीच लक्षात ठेवायची. ठणका. कान बघून जेवढा वाटेल त्याच्या कितीतरी पट. रात्री वाढणारा, झोपेतून उठवणारा, चावताना जबड्यात कळ मारणारा, कधी अर्धं डोकं धरणारा. ताप बहुधा नसतो. कानातून थोडा स्राव. आणि नळीच्या तळाशी, जिथे कूर्चा आणि हाड मिळतात तिथे, लाल मऊ मांस वाढलेलं दिसतं. ते दुर्बिणीतूनच दिसणार, घरी टॉर्च मारून नाही.

चक्रम

माहिती छान, पण डॉक, एक तक्रार आहे. मधुमेह घरोघरी आहे आणि कानदुखीही. तुम्हीच म्हणता हा आजार कधीकधीच होतो. मग असं वाचून प्रत्येक मधुमेही माणूस कान दुखला की कवटीचा स्कॅन मागणार. अर्धवट माहितीने लोक जास्त आजारी पडतात असं माझं मत. साध्या दाढदुखीनेसुद्धा कान ठणकतो की!

कर्णधार

चक्रम, तक्रार रास्त आहे. दाढ, जबड्याचा सांधा, घसा, मान या सगळ्यांची दुखणी कानात उमटतात आणि मधुमेह्यालाही बहुतेक वेळा साधाच संसर्ग होतो. स्कॅन कोणीच मागू नये, घड्याळ बघावं. बरोबर निदान झालेला साधा नळीचा संसर्ग योग्य उपचाराने ४८ ते ७२ तासांत उतरणीला लागायलाच हवा. पूर्ण बरा नाही, पण ठणका कमी व्हायला हवा. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वंही तेवढ्या मुदतीत फरक नसेल तर रुग्णाला पुन्हा तपासा असंच सांगतात. शिवाय मधुमेह, कमी प्रतिकारशक्ती, रेडिएशन आणि पडद्याला भोक या गोष्टी पहिल्या भेटीतच विचारा म्हणतात, कारण त्यांवरून उपचार बदलतो.

धडधाकट तरुणाला फरक पडला नाही तर थेंब बदलून पाहता येतात. वयस्कर मधुमेह्याला फरक पडला नाही तर थेंब बदलत बसायचं नाही, निदान बदलायचं. घाबरण्यापेक्षा एवढा हिशोब सोपा आहे.

टवाळ

म्हणजे आमच्या घरातला इअरबडचा डबा आजपासून जप्त. जप्ती अधिकारी सौ.

बाकी धागा उत्तम, वाचतोय.

रानजाई

हा धागा वर्षभर आधी निघाला असता तर बरं झालं असतं. माझ्या वडिलांना हेच झालं होतं. वय सत्तरीच्या पुढे, मधुमेह जुना, पण गोळ्यांवर ठीक चाललेला. ऐकू कमी येतं म्हणून कान धुवून घेतला आणि पुढच्या आठवड्यात दुखायला लागला. ज्यांच्याकडे नेहमी जायचो त्यांनी थेंब दिले, मग दुसरे थेंब, मग तिसरे. दर वेळी 'सूज आहे, उतरेल' हेच. वडील तसे सोशिक, दाताचं काम भूल न घेता करून घेणारे, आणि ते रात्री उशीत तोंड खुपसून कण्हायचे. दिवसा जरा बरं वाटायचं, म्हणून आम्हीही ढकलत राहिलो असं नाही, आम्ही दर वेळी 'रात्रीचं काहीतरी वेगळं आहे' हे सांगत होतो. ऐकून कोणी घेतलं नाही. कान बाहेरून लालसुद्धा नव्हता ना!

एक दिवस चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळायला लागलं. पक्षाघात समजून धावत नेलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी डोळा मिटायला सांगितलं, कपाळाला आठ्या घालायला सांगितल्या आणि मग विचारलं, 'कान दुखतोय का?' पुढची चक्रं भराभर फिरली.

डॉक, मला एक कळलं नाही. त्यांनी कपाळावरून काय ओळखलं?

कर्णधार

रानजाईताई, त्या बाईंना माझा नमस्कार सांगा. मेंदूच्या झटक्यात बहुधा चेहऱ्याचा खालचा भाग लुळा पडतो, कपाळाला आठ्या घालता येतात, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम मिळतो. नस मेंदूतून बाहेर पडल्यावर दाबली किंवा सुजली तर कपाळ, डोळा, ओठ, सगळी अर्धी बाजू जाते. असंच 'बेल्स पाल्सी'तही (नेमकं कारण न सापडता चेहऱ्याची नस लुळी पडते त्यात) दिसतं आणि घोटाळा तिथेच होतो : मधुमेह्याचं तोंड वाकडं झालं, कपाळही गेलं, की बेल्स म्हणून स्टिरॉइडचा कोर्स सुरू. खाली हाडात संसर्ग धुमसत असेल तर स्टिरॉइडने साखर चढणार आणि उरलीसुरली प्रतिकारशक्तीही दबणार. म्हणून मधुमेह्याच्या वाकड्या तोंडात कान बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

रात्रीच्या ठणक्याबद्दल तुम्ही लिहिलंत ते महत्त्वाचं. कान शांत दिसतो आणि माणूस कळवळतो, ही विसंगतीच निदान आहे. आणखी एक, दुखणं एकदम थांबलं तर लगेच हुश्श करू नका. जोरदार वेदनाशामकाखाली ते झाकलेलंही असू शकतं.

जिज्ञासू

माझा एक बाळबोध प्रश्न. एवढं सगळं हाडात चाललेलं असतं तर साध्या सीटी स्कॅनमध्ये दिसायला नको? माझ्या मावसकाकांचा पहिला सीटी 'नॉर्मल' आला होता आणि सगळे निर्धास्त झाले. नंतर कानातला तुकडा बायोप्सीला पाठवला तेव्हा घरात रडारड, कारण बायोप्सी म्हणजे कॅन्सर असंच सगळ्यांच्या डोक्यात.

कर्णधार

अजिबात बाळबोध नाही. सीटीत हाड खाल्लेलं दिसायला त्यातलं साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त खनिज आधी निघून जावं लागतं. म्हणजे सुरुवातीच्या दिवसांत सीटी चक्क फसवतो. एमआरआय कवटीच्या तळाशी मऊ भागात किती पसरलंय ते चांगलं दाखवतो, हाडाची झीज तेवढी नाही. टेक्निशियम हे किरणोत्सारी द्रव्य टोचून केलेला हाडांचा स्कॅन फार लवकर उजळतो, पण बरं झाल्यावरही कित्येक महिने उजळलेलाच राहतो, त्यामुळे 'आता औषध थांबवू का' याला तो उपयोगाचा नाही.

सर्वांत स्वस्त आणि दुर्लक्षित तपासणी म्हणजे ईएसआर, शरीरात कुठे दाह चालू आहे का ते दाखवणारी रक्ताची तपासणी. साध्या नळीच्या संसर्गात तो फारसा चढत नाही. या आजारात खूप चढलेला असतो आणि औषध लागू पडलं की हळूहळू उतरतो. सीआरपी ही तशीच रक्ताची दुसरी तपासणी, तो आकडा त्याच्या आधी उतरतो. दर काही दिवसांनी दोन्ही बघत जायचे. गल्ली-बोळातल्या लॅबमध्येही होणारी ही तपासणी पहिल्या दिवशी सांगितली तर पुष्कळ लोकांचे काही आठवडे वाचतील, असं मला फार वाटतं.

बायोप्सी दोन कारणांनी. एक, नळीतला खरा कर्करोग हुबेहूब असाच दिसतो : तसंच लाल मांस, तसाच स्राव, तसाच ठणका. फरक सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो. दोन, त्या तुकड्याचं कल्चर लावून, म्हणजे त्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून, जंतू आणि त्यावर चालणारं औषध दोन्ही सापडतं, बुरशी असेल तर तीही. इथे महिनाभर घातलेले थेंब आडवे येतात. थेंबांतल्या अँटिबायोटिकने वरवरचे जंतू मेलेले असतात, कल्चर कोरं येतं आणि मग हाडातल्या जंतूवर अंदाजाने औषध द्यावं लागतं. म्हणून शंका असेल तर आधी स्वॅब (बोळ्याने स्रावाचा नमुना), मग औषध.

औषधवाली

मी औषधनिर्माता आहे, काउंटरवरून जे दिसतं ते सांगते. या आजारात सिप्रोफ्लॉक्सासिन मोठ्या डोसात, बहुधा ७५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आणि सहा ते आठ आठवडे किंवा जास्तही चालतं. किडनीनुसार डोस बदलतो. पाच दिवसांच्या कोर्सची सवय असलेल्या लोकांना हे पचत नाही. दुखणं थांबलं की गोळी बंद. हाडातला जंतू इतक्यात मरत नसतो.

दुसरं, कॅल्शियम, लोह, झिंकच्या गोळ्या आणि अॅसिडिटीचं पातळ औषध सिप्रोबरोबर घेतलं तर सिप्रो आतड्यातच अडकतं, रक्तात जात नाही. दूधही त्याच्यासोबत नको. वयस्कर माणसाच्या डबीत यातल्या निदान दोन गोष्टी असतातच! सिप्रो या गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायचं.

तिसरं मधुमेह्यांसाठी. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड जातीच्या गोळ्यांबरोबर सिप्रोने साखर अचानक खाली येऊ शकते, कधी वरही जाते. सुरुवातीला घरी जास्त वेळा तपासा. साठीच्या पुढचे आणि स्टिरॉइड घेणारे यांनी टाचेच्या वरच्या जाड दोरीसारख्या स्नायूबंधात (टेंडनमध्ये) दुखलं तर चालणं थांबवून लगेच डॉक्टरांना कळवायचं, तो तुटू शकतो. टिझानिडिन हे स्नायू सैल करणारं औषध सिप्रोबरोबर चालतच नाही. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) वारंवार बघावा. म्हातारा माणूस अचानक बरळायला लागला तर तोही औषधाचा परिणाम असू शकतो.

आणि कृपा करून कानात घालायचे उरलेले थेंब शेजाऱ्याला देऊ नका. निओमायसिन असलेल्या थेंबांची बऱ्याच जणांना अॅलर्जी येते, कान आणखी लाल होतो आणि सगळे समजतात जंतू वाढले.

कर्णधार

+१ सगळ्यालाच. भर एकच घालतो : अलीकडे सिप्रोला न जुमानणारा स्यूडोमोनास वाढतोय. म्हणून गोळ्या सुरू करूनही आठवड्यात ठणका आणि सीआरपी हलत नसतील तर कल्चर पाहून शिरेतून सेफ्टाझिडिम, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम किंवा त्यावरची औषधं द्यावी लागतात. कान-नाक-घसा, मधुमेह आणि संसर्गरोग या तिघांनी मिळून बघायचा हा आजार आहे. मोठी शस्त्रक्रिया आता क्वचितच लागते. मेलेलं मांस काढणं, पू झाला असेल तर तो काढणं, बायोप्सी, बहुतेक वेळा एवढंच.

सांजवेळ

आईला रक्ताचा कर्करोग आहे, केमो चालू आहे. दोन वेळा कान दुखतो म्हणाली, तिथल्या डॉक्टरांनी बघितलं, 'पू नाही, लाली नाही' म्हणाले. तुमचं वाचून धास्ती वाटली. तिला मधुमेह नाही. पू नसताना असं काही असू शकतं का? आणि तुम्ही लिहिलंत तसं लाल मांस तिच्या कानात दिसलं नाही, म्हणजे तो प्रश्न मिटला असं धरू का?

कर्णधार

सांजवेळ, तुमचा प्रश्न या धाग्यातला सर्वांत मोलाचा. पू म्हणजे मुख्यतः मेलेल्या पांढऱ्या पेशी. केमोनंतर न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, तळाला गेलेले असतील तर पू करायलाच कोणी शिल्लक नसतं. तेव्हा कान स्वच्छ दिसणं ही खात्री नव्हे. लाल मांस वाढणं हीसुद्धा शरीराची प्रतिक्रियाच आहे. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या माणसात, एचआयव्हीच्या पुढच्या टप्प्यात विशेषतः, ते दिसतच नाही. असे रुग्ण मधुमेह्यांपेक्षा बरेच तरुणही असतात, त्यामुळे 'म्हाताऱ्यांचा आजार' म्हणून नजरेतून सुटतात.

यांच्यात स्यूडोमोनासखेरीज बुरशीचा विचार आधीपासून करावा लागतो, मुख्यतः अॅस्परजिलस. साधी कानातली बुरशी निराळी. त्यात खाज जास्त, आत काळे ठिपके किंवा ओल्या कागदाच्या लगद्यासारखी पांढरट घाण, साफ केली की आराम. हाडात शिरणारी बुरशी अँटिबायोटिकला दाद देत नाही, तिला व्होरिकोनाझोल किंवा अॅम्फोटेरिसिनसारखी औषधं लागतात आणि तीही दीर्घकाळ. अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड एकत्र असलेले थेंब आठवडेच्या आठवडे घातले तर बुरशीला रानच मोकळं मिळतं.

आईच्या बाबतीत : कर्करोगाच्या डॉक्टरांना न्यूट्रोफिलचा आकडा विचारा, दुखणं रात्री वाढतंय का आणि जबडा हलवताना कळ येतेय का ते आईला विचारून सांगा, आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने कान तपासून घ्या. वेदनाशामक न घेता दुखणं थांबलेलं असेल तर बहुधा काही नाही. पण कोणालाही पाणी मारू देऊ नका, आणि तिला कानात बोट, काडी, काही घालू देऊ नका. केमोच्या काळात नळीतला एक ओरखडासुद्धा पुरतो.

सांजवेळ

मनापासून आभार. उद्याच विचारते.

बिनधास्त

लहान मुलांना होतो का हा? माझ्या भाचीला कानाची सारखी कुरबूर असते. तिला आणखी काही आजार नाही.

कर्णधार

आणखी काही आजार नसलेल्या मुलाला जवळजवळ नाही. मुलांमध्ये दिसतो तो कुपोषण, रक्ताचा कर्करोग, जन्मजात कमी प्रतिकारशक्ती किंवा बालवयातला मधुमेह असताना. त्यांच्यात चेहऱ्याची नस लवकर सापडते, कारण कानामागचं हाड अजून पुरतं वाढलेलं नसतं आणि नस उथळ असते. भाचीचं बहुधा मधल्या कानाचं असेल, त्यासाठी वेगळा धागा काढा, तिथे लिहितो.

रानजाई

वडिलांचं पुढचं लिहायचं राहिलं होतं. ठणका औषध सुरू झाल्यावर दोनेक आठवड्यांत गेला, पण तोंडाची बाजू अजून पूर्ण आलेली नाही. डोळा नीट मिटत नाही. कानाचं सगळं ठीक आहे म्हणतात. मग चेहरा सुधारत नाही म्हणजे आत अजून काही उरलंय का, ही शंका घरात सगळ्यांना आहे.

कर्णधार

तसंच असेल असं नाही. नस सुधारणं आणि संसर्ग बरा होणं यांची गाठ घालायची नाही. संसर्ग पूर्ण गेल्यावरही नस अर्धवटच परत येते किंवा येतही नाही. बरं झालंय का हे ठणका, ईएसआर-सीआरपी आणि कानातलं मांस यांवरून ठरतं, लागला तर पुन्हा एमआरआय. उलटणारा आजार आहे, म्हणून औषध थांबल्यावर निदान वर्षभर लक्ष ठेवावं लागतं. ठणका परत आला तर थेंब नाही, थेट ज्यांनी बरं केलं त्यांच्याकडे.

डोळ्याची मात्र आजच काळजी घ्या. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम लावून पापणी चिकटपट्टीने मिटवून ठेवायची. उघडा राहिलेला डोळा कोरडा पडून बुबुळाला जखम होते आणि मधुमेह्याची ती भरायलाही वेळ लागतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना एकदा दाखवाच.

नवाकोरा

पहिलाच प्रतिसाद, सांभाळून घ्या. आजोबा मधुमेही आहेत आणि दोन्ही कानांत श्रवणयंत्र घालतात, दिवसभर. कान नेहमी ओलसर असतो. यंत्र काढून ठेवलं तर ते कोणाशी बोलूच शकत नाहीत. काय करावं?

कर्णधार

नवाकोरा, स्वागत. यंत्र बंद करायचं नाही. झोपताना दोन्ही काढून ठेवायची, नळीला रात्रभर हवा मिळाली पाहिजे. साचा (यंत्राचा कानात बसणारा भाग) रोज कोरड्या कापडाने पुसायचा, कंपनीने सांगितलेल्या पद्धतीने साफ करायचा, आणि रात्री ओल शोषणारी पुडी घातलेल्या डबीत ठेवायचा. आंघोळीला कापसाच्या बोळ्याला पेट्रोलियम जेली लावून कानाच्या तोंडाशी ठेवायचा, आत खुपसायचा नाही, आणि आंघोळ झाली की काढून टाकायचा. साचा टोचत असेल, कानात सारखा एकाच जागी ओरखडा पडत असेल तर तो बदलून घ्या; हवेची वाट ठेवलेले साचे मिळतात, पण ते त्यांच्या बहिरेपणाला चालतील का हे ऑडिओलॉजिस्टच सांगेल. मळ साठतोच, तर ठरावीक काळाने सक्शनने काढून घ्या. कानात आम्लपणा आणणारे व्हिनेगरसारखे थेंब कोणी सुचवले तर आधी पडदा शाबूत आहे का ते बघून घ्या.

आणि दुखत असताना त्या कानातलं यंत्र ठेवायचं नाही, दुखणं निवेपर्यंत दुसऱ्या कानावर भागवायचं.

नवाकोरा

नुसत्या दुसऱ्या कानातल्या यंत्रावर भागवायला ते तयारच नसतात, त्यात शिट्टी वाजते म्हणतात.

कर्णधार

शिट्टी म्हणजे साचा सैल झालाय किंवा आत मळ आहे. दोन्ही दुरुस्त होतं. आधी मळ बघून घ्या.